खोली तुमची, बिल कोणाचं?

सोमवारी सकाळी नाशिक रोडला पंचवटी एक्स्प्रेसच्या फलाटावर दोन तऱ्हेचे प्रवासी उभे असतात. एकाच्या खांद्याला लॅपटॉप आणि डबा. तो रात्री घरी परतणार. दुसऱ्याच्या पाठीवर चार दिवसांचे इस्त्रीचे कपडे. तो ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकलने ऐरोली गाठणार आणि थेट शुक्रवारी रात्री घरी येणार. कोल्हापूर-पुणे, नागपूर-हैदराबाद, पणजी-बंगळूर अशा वाटांवरही हा दुसरा प्रवासी हमखास भेटतो. सहा महिने, वर्षभराच्या कॉन्ट्रॅक्टवर काम करणारा हा सल्लागार असतो. घर, बायको-मुलं, आईवडील गावात, काम शहरात. बिऱ्हाड हलवण्याइतकं काम मोठं नाही आणि रोज ये-जा करण्याइतकं अंतर लहान नाही.

असं काम हाती आलं की बहुतेकजण आधी खोली शोधायला लागतात. मित्रांना फोन होतात, पीजीचे फोटो मागवले जातात, ब्रोकरशी घासाघीस होते. राहण्याचा खर्च कोण सोसणार, बिल कोणाच्या नावावर फाटणार आणि कराच्या हिशेबात ते कुठे बसणार, हे प्रश्न मार्च महिन्यात सीएसमोर बसल्यावर निघतात. तोवर काही करण्यासारखं उरलेलं नसतं. कुठली खोली परवडेल हे या प्रश्नांच्या उत्तरांवरच ठरतं, म्हणून क्रम उलटा हवा: आधी बिल, मग खोली.

कुड, गाळा आणि खाणावळ

घर गावी ठेवून शहरात कमावणं आपल्याकडे नवीन नाही. गोव्याहून मुंबईत बोटीवरची नोकरी शोधायला येणाऱ्यांसाठी धोबी तलाव, माझगाव भागात गावोगावचे ‘कुड’ होते. त्यांतले काही आजही आहेत. ज्या गावाचा कुड, त्या गावच्या माणसाला तिथे अल्प पैशांत जागा मिळे. भिंतीलगत प्रत्येकाची पेटी, समाईक देव्हारा आणि सगळ्यांना बांधून ठेवणारे नियम, अशी ती व्यवस्था. गिरणगावात रत्नागिरी-साताऱ्याकडचे कामगार चाळीतल्या एका खोलीत, म्हणजे गाळ्यात, दाटीवाटीने राहत आणि पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत. जेवण खाणावळवाल्या बाईकडे. अशाच बायकांना सावकाराच्या पाशातून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं.

त्या काळी परगावी राहण्याची सोय गाव करत असे. आज ती जबाबदारी करारावर आली आहे. करारात राहण्याचा उल्लेखच नसेल, तर ती गुपचूप तुमच्या खिशावर येऊन बसते.

तुम्ही नक्की कोण?

‘कॉन्ट्रॅक्टवर आहे’ असं म्हणणाऱ्यांतही दोन जाती आहेत. पहिली, मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावर असलेल्यांची. त्यांना फॉर्म १६ मिळतो, पीएफ कापला जातो. कायद्याच्या दृष्टीने ते पगारदारच. त्यांनी खोलीच्या पावत्या जपून विवरणपत्रात ‘खर्च’ म्हणून दाखवण्याची सोय नाही. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सवलत मिळते, नव्या पद्धतीत तीही नाही. मात्र मालकाने दौऱ्यावर पाठवलं आणि दौऱ्याचा भत्ता दिला, तर प्रत्यक्ष खर्च झाला त्या मर्यादेत तो दोन्ही पद्धतींत करमुक्त असतो. त्यामुळे नेमणूकपत्रात कामाचं ठिकाण ‘नाशिक’ आणि ऐरोली हा ‘दौरा’ आहे, की ठिकाणच ‘ऐरोली’ लिहिलं आहे, हे सहीआधी वाचायला हवं.

दुसरी जात स्वतःच्या नावाने इन्व्हॉइस लावणाऱ्या सल्लागारांची. त्यांचा टीडीएस कलम १९४जे खाली कापला जातो: व्यावसायिक सेवेवर १० टक्के, निव्वळ तांत्रिक सेवेवर २ टक्के. पुढचा हिशेब मुख्यतः यांच्यासाठी आहे. प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६पासूनचा कायदा. त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. पण सीएच्या कार्यालयात अजून जुनेच क्रमांक तोंडी आहेत, म्हणून इथेही तेच वापरले आहेत.

रात्रींचं गणित

सोमवार ते गुरुवार म्हणजे आठवड्याला चार रात्री, महिन्याला सरासरी सतरा. समजा, ठीकठाक हॉटेलात रात्रीचे २,५०० रुपये पडतात. दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५पासून ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे रात्रीचे २,६२५ आणि महिन्याचे ४४,६२५ रुपये. त्याच भागात एकट्याची पीजी खोली १६,००० रुपयांना मिळाली, तर तेरा रात्री खोली रिकामी पडूनही ती कितीतरी स्वस्त. भाड्याला रात्रीच्या दराने भागलं की उत्तर मिळतं: १६,००० भागिले २,६२५ म्हणजे सहाच्या थोडं वर. महिन्यात सात किंवा अधिक रात्री राहणार असाल तर पीजी, त्याहून कमी असतील तर हॉटेल.

पण भाडं हा एकच आकडा पाहून चालत नाही. पीजी किंवा फ्लॅट घेताना डिपॉझिट, ब्रोकरेज, लॉक-इन आणि नोटीस पिरियड अशी चार ओझी सोबत येतात. सल्लागाराचं कॉन्ट्रॅक्ट मात्र कित्येकदा पंधरा किंवा तीस दिवसांच्या नोटिशीवर तुटू शकतं. कॉन्ट्रॅक्टची नोटीस पंधरा दिवसांची आणि खोलीचा लॉक-इन सहा महिन्यांचा, असा संसार मांडला तर काम गेल्यावरही भाडं भरत बसावं लागतं. खोलीची बांधिलकी कामाच्या बांधिलकीपेक्षा लांब असता कामा नये. ते जमतच नसेल तर पहिला महिना हॉटेलात काढावा. काम टिकतंय, मॅनेजर टिकतोय, हे दिसलं की मग पीजीकडे वळावं.

मेस लावताना एक प्रश्न आधीच विचारावा: ‘शनिवार-रविवारचा खाडा धरणार का?’ बऱ्याच मेसमध्ये सलग तीन-चार दिवस गैरहजर राहिल्याशिवाय खाडा धरत नाहीत. मग आठवड्याचे दोन दिवस घरी जेवूनही पैसे पूर्ण महिन्याचे जातात. फक्त कामाच्या दिवसांपुरता डबा किंवा कूपनवर जेवण देणारी मेस अशा माणसाला सोयीची. पीजी बघायला जाताना खोलीत तीन गोष्टी पाहाव्या: दोन दिवस बंद ठेवता येईल असं स्वतःचं कुलूप, बसून काम करता येईल असं टेबल आणि रात्री अकरानंतर आलं तर दार कोण उघडतं. वायफायची जाहिरात भिंतीवर सगळीकडे असते. ते आपल्या फोनवर, त्याच खोलीत, रात्री नऊला तपासावं.

हॉटेलांच्या दरात एक गंमत आहे. हिंजवडी किंवा बीकेसीसारख्या कार्यालयीन भागातली हॉटेलं सोमवार ते गुरुवार भरलेली आणि शनिवारी-रविवारी मोकळी असतात. लोणावळ्याची तऱ्हा उलटी. तिथे शुक्रवारी संध्याकाळी दर चढतात आणि सोमवारी खोल्या ओस पडतात. तळेगाव किंवा देहूरोडकडे काम असेल, तर आठवड्याच्या मधल्या दिवसांत लोणावळ्यात मुक्काम आणि पुणे-लोणावळा लोकलने ये-जा हा पर्याय शहरातल्या हॉटेलाशी ताडून पाहण्यासारखा आहे. कुठल्याही हॉटेलात तीन महिन्यांच्या सोमवार-ते-गुरुवार मुक्कामाची हमी दिली, तर दर खाली येतो. शनिवार-रविवारी बॅग हॉटेलातच ठेवू देण्याची अटही मान्य होते. फक्त ही बोलणी बुकिंगच्या ॲपवर होत नाहीत. त्यासाठी मॅनेजरसमोर जाऊन बसावं लागतं.

फ्लॅट घेतला तर

दोघा-तिघांनी मिळून वन बीएचके घ्यायचा ठरला, तर महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवणं बंधनकारक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे ही जबाबदारी घरमालकाची. नोंद केली नाही, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत वाद झाल्यावर भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. ते खोडून काढणं मालकाच्या अंगावर पडतं. एवढं असूनही ‘नोंदणीला खर्च येतो’ म्हणून टाळाटाळ होते. अकरा महिने, १८,००० रुपये भाडं आणि ५०,००० डिपॉझिट धरलं, तर पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क पाचशे रुपयांच्या आसपास येतं आणि शहरी भागात नोंदणी फी १,००० रुपये. बाकी जो खर्च सांगितला जातो तो एजंटाचा. करार घरबसल्या ऑनलाइन नोंदवता येतो.

या करारात आपल्या कामाचं कलम एकच: ‘कामाचं कॉन्ट्रॅक्ट संपल्याचं पत्र दाखवल्यास लॉक-इन लागू राहणार नाही.’ भाडं वेळेवर देणारा, आठवड्याच्या तीन रात्री घरात नसणारा भाडेकरू मालकाला हवाच असतो. आधी मागितलं तर हे कलम मिळतं.

पावत्यांचा गठ्ठा आणि शून्य फायदा

आता कर. ‘राहण्याचा खर्च दाखवून टॅक्स वाचेल’ हे वाक्य या वर्तुळात सर्रास ऐकू येतं. बहुतेक छोट्या सल्लागारांच्या बाबतीत ते खरं नाही.

कारण कलम ४४एडीए. अभियंते, तांत्रिक सल्लागार, वास्तुरचनाकार, सनदी लेखापाल, डॉक्टर, वकील अशा ठरावीक व्यावसायिकांची वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत असेल, तर जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न मानून कर भरता येतो. रोखीची जमा पाच टक्क्यांच्या आत असेल, तर ही मर्यादा ७५ लाख. हिशेबाच्या वह्या नकोत, ऑडिट नको. उरलेली निम्मी रक्कम हा तुमचा खर्च, असं सरकारने आधीच मान्य केलेलं असतं. मग तुम्ही हॉटेलात राहा, पीजीत राहा किंवा आत्याकडे फुकट राहा. हिशेबात फरक शून्य.

नाशिकच्या एका काल्पनिक सल्लागाराचं उदाहरण घेऊ. दिवसाचा दर १०,००० रुपये, महिन्याला वीस दिवस, वर्षाला २४ लाख. ४४एडीएनुसार उत्पन्न १२ लाख. नव्या करपद्धतीत २०२५-२६च्या दरांनी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर ८७ए ची सूट मिळून कर शून्य, अर्थात दुसरं उत्पन्न नाही असं धरून. तो हॉटेलात राहिला तर वर्षाला ५,३५,५०० रुपये जातात, पीजीत राहिला तर १,९२,०००. कर दोन्हीकडे शून्यच. मधले ३,४३,५०० रुपये सरकार नव्हे, तो स्वतः भरतो.

प्रत्यक्ष खर्च दाखवायचा मार्ग खुला आहे, पण या गृहस्थाला तो फायद्याचा होण्यासाठी वर्षाचा खर्च १२ लाखांच्या वर जावा लागेल. निम्म्यापेक्षा कमी उत्पन्न दाखवलं की वह्या ठेवणं आणि ऑडिट करून घेणंही आलं. ज्यांची जमा ७५ लाखांच्या वर आहे, किंवा ज्यांनी हाताखाली माणसं ठेवली आहेत, बहुधा त्यांनाच हा रस्ता लागतो. त्यांच्यासाठी खोलीचं भाडं व्यवसायासाठी ‘पूर्णपणे आणि केवळ’ झालेला खर्च असावं, ही कलम ३७ची कसोटी आहे. जुनी-नवी पद्धत कुठलीही निवडली तरी व्यवसायाचा खर्च वजा होतोच. त्यांनी आणखी एक सांभाळावं: एका दिवसात एका माणसाला १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली, तर तो खर्च ४०ए(३) खाली सरळ नामंजूर होतो. रोख भाडं मागणाऱ्या पीजीमालकाला यूपीआयवर आणणं म्हणूनच गरजेचं.

जुन्या पद्धतीत राहिलेल्यांसाठी ८०जीजी हे एक लहानसं कलम आहे. घरभाडे भत्ता न मिळणाऱ्याला स्वतःच्या राहण्याच्या भाड्यापोटी महिन्याला कमाल ५,००० रुपयांची वजावट. पण गावचं स्वतःचं घर ‘स्वतः राहतो’ म्हणून दाखवून त्याची सवलत घेतली असेल, तर ही मिळत नाही. घर मागे ठेवून येणाऱ्याची नेमकी तिथेच अडचण होते.

एका नावाची किंमत

मग पैसे वाचतात कुठे? क्लायंटकडे. तिथे तीन वाटा आहेत.

पहिली, सगळं दरात घालून घेणं. आपल्या सल्लागाराचा पीजी, रेल्वे आणि बाहेरच्या जेवणाचा जादा खर्च मिळून महिन्याला २५,००० होतो असं धरू. वीस दिवसांनी भागून तो दर १,२५० रुपयांनी वाढवतो. वर्षाची जमा २७ लाख होते आणि मानलेलं उत्पन्न १३.५ लाख. बारा लाखांची रेषा ओलांडल्यामुळे सूट जाते आणि उपकरासह कर होतो ८५,८०० रुपये. म्हणजे राहण्यासाठी मागून घेतलेल्या तीन लाखांतले पाऊण लाखाहून जास्त करातच गेले. हातात खरोखर तीन लाख उरायचे असतील, तर दिवसामागे १,२५० नव्हे, सुमारे १,६४० रुपये मागायला हवेत. दर ठरवताना हा हिशेब कोणी करत नाही. ‘राहण्याचं धरून’ असं म्हणत अंदाजे आकडा फेकला जातो.

दुसरी वाट, स्वतः भरून नंतर परतावा घेणं. ती सगळ्यांना सोपी वाटते आणि खरा पेच तिच्यातच आहे. १ जुलै २०२२पासून कलम १९४आर आलं. व्यवसायाच्या निमित्ताने कोणाला वर्षात २०,००० रुपयांच्या वर लाभ दिला, तर १० टक्के टीडीएस. प्रवास-मुक्कामाचा परतावा हा ‘लाभ’ आहे का? केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने जून २०२२च्या परिपत्रकात नेमकं सल्लागाराचंच उदाहरण घेतलं. बिल क्लायंटच्या नावावर असेल आणि सल्लागाराने फक्त पैसे भरून ते परत घेतले असतील, तर लाभ नाही. बिल सल्लागाराच्या नावावर असेल आणि क्लायंटने ते पैसे दिले, तर तो लाभ, त्यावर टीडीएस. सप्टेंबर २०२२च्या दुसऱ्या परिपत्रकात आणखी खुलासा आला: हा खर्च तुमच्या इन्व्हॉइसमध्येच धरून पूर्ण रकमेवर नेहमीचा टीडीएस कापला असेल, तर १९४आर पुन्हा लागत नाही. पण मग ती रक्कम जमेत आली आणि आपण पहिल्या वाटेवर परतलो.

तिसरी वाट, क्लायंटने स्वतःच्या नावावर बुकिंग करून थेट पैसे भरणं. हॉटेलच्या रजिस्टरमध्ये पाहुणा म्हणून नाव तुमचं. बिलाच्या माथ्यावर कंपनीचं नाव, पत्ता आणि जीएसटी क्रमांक. आपल्या सल्लागाराची जमा २४ लाखांवर राहते आणि कर शून्यावर. खोली तीच, गादी तीच, सकाळचे पोहेही तेच. बिलावरच्या एका ओळीने ८५,८०० रुपयांचा फरक पडतो.

खोलीची निवड इथे ठरते. हॉटेल, सर्व्हिस अपार्टमेंट आणि नोंदणीकृत गेस्ट हाऊस कंपनीच्या नावाने बिल देतात. घरगुती पीजीवाल्या काकू बहुधा देत नाहीत. क्लायंट खर्च उचलणार असेल तर हॉटेल किंवा सर्व्हिस अपार्टमेंट, आपल्याला उचलायचा असेल तर पीजी. कंपनीला हॉटेलचा खर्च जड वाटला, तर तिने स्वतःच्या नावे एखादा फ्लॅट घेऊन त्यात दोन-तीन सल्लागारांची सोय करावी, असं सुचवता येतं. चार रात्रींच्या हॉटेलापेक्षा ते अनेकदा स्वस्त पडतं.

जीएसटीची राज्यसीमा

सेवा देणाऱ्याची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी नोंदणी आली. आपला सल्लागार तिच्यात आहे. स्वतःच्या नावाचं हॉटेल बिल घेऊन त्यावरच्या कराचं क्रेडिट मिळवायचं, तर राज्याची सीमा आडवी येते. हॉटेलची सेवा जिथे इमारत तिथेच दिली गेली, असं कायदा मानतो. नाशिकला नोंदणी आणि ठाण्यात मुक्काम असेल, तर बिलावर केंद्राचा आणि महाराष्ट्राचा कर लागतो. क्रेडिट मिळू शकतं. नाशिकला नोंदणी आणि बंगळूरला मुक्काम असेल, तर बिलावर कर्नाटकचा कर येतो आणि महाराष्ट्रातल्या खात्यात त्याचा उपयोग होत नाही. परराज्यात जाणाऱ्याने हॉटेलचा दर करासकटच धरावा. क्लायंटची त्या राज्यात नोंदणी असेल, तर बिल त्याच्या नावावर घेण्याचं हे दुसरं कारण. क्रेडिट निदान त्याला तरी मिळतं.

पीजीसाठी १५ जुलै २०२४पासून एक सरळ सवलत आहे: माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतचा मुक्काम, सलग किमान ९० दिवसांसाठी असेल तर जीएसटी नाही. खोली महिनोनमहिने तुमच्याकडे असेल, तर शनिवार-रविवारी घरी गेल्याने काही बिघडत नाही. चार-चार रात्रींचं सुटं बुकिंग मात्र या सवलतीत बसत नाही.

फ्लॅटची गोष्ट वेगळी. जुलै २०२२पासून नोंदणीकृत व्यक्तीने राहतं घर भाड्याने घेतलं, तर १८ टक्के जीएसटी भाडेकरूनेच उलट पद्धतीने (रिव्हर्स चार्ज) भरायचा असतो. १ जानेवारी २०२३पासून यात सूट आली: एकल मालकीच्या व्यावसायिकाने घर वैयक्तिकरीत्या, स्वतः राहण्यासाठी आणि स्वतःच्या खात्यातून घेतलं तर कर नाही. म्हणजे तोच फ्लॅट व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवला, की १८ टक्क्यांचा प्रश्न उभा राहतो. ४४एडीएमध्ये असलेल्याला खर्च दाखवून काही मिळणारच नसतं. त्याने फ्लॅट वैयक्तिक नावावर घ्यावा आणि व्यवसायाच्या खात्यापासून लांब ठेवावा.

घर नक्की कुठे?

प्रत्यक्ष खर्च दाखवणाऱ्याला अधिकारी एक प्रश्न विचारू शकतो: तुम्ही ऐरोलीला कामासाठी जाता, की ऐरोलीलाच राहता? कामाच्या जागेपासून लांब राहायचं ठरवलं, तर तो खासगी खर्च. व्यवसायाचं ठाणं नाशिकला असून क्लायंटकडे तात्पुरतं जावं लागलं, तर व्यवसायाचा. आपल्या कायद्यात यासाठी महिन्यांची मर्यादा आखलेली नाही, त्यामुळे कागदच बोलतात. नाशिकचा व्यवसायाचा पत्ता, तिथून केलेल्या कामाच्या नोंदी, मुदत आणि ठिकाण लिहिलेलं कामाचं पत्र, आणि तारीख-क्लायंट-कारण अशी मुक्कामाची साधी यादी. कुटुंबच ऐरोलीला आणलं, मुलांना तिथल्या शाळेत घातलं, की हा दावा संपला.

ब्रिटनमध्ये कॉन्ट्रॅक्टवर काम करणारी मराठी मंडळी बरीच आहेत. तिथे ही रेषा आकड्यांत आखलेली आहे. स्वतःच्या लिमिटेड कंपनीतून काम करणाऱ्याने एकाच ठिकाणी आपल्या कामाच्या वेळेपैकी ४० टक्के किंवा अधिक वेळ दिला आणि ते काम २४ महिन्यांपेक्षा जास्त चालणार असं दिसलं, तर ती कायमची कामाची जागा ठरते. तिथल्या प्रवास-मुक्कामाची करसवलत त्या क्षणापासून थांबते. चोवीस महिने पूर्ण होण्याची वाट पाहायची नसते. सल्लागाराला आपल्या पगारपत्रकावर घेणाऱ्या ‘अम्ब्रेला’ कंपनीतून काम करणाऱ्यांची ही सवलत एप्रिल २०१६पासून बरीचशी बंदच झाली. एक सोय मात्र तिथे आहे जी आपल्याकडे रुजलेली नाही: सोमवार ते शुक्रवारपुरती खोली. राहत्या घरातली सजवलेली खोली भाड्याने देणाऱ्याला वर्षाला ७,५०० पौंडांपर्यंतचं भाडं करमुक्त असल्याने घरमालक अशा पाहुण्याला खुशीने ठेवतात. आपल्याकडे रिकाम्या शनिवार-रविवारचं भाडंही आपणच भरतो, आणि म्हणूनच ते दरात धरावं लागतं.

पीओ निघण्याआधी

क्लायंटशी ही बोलणी करण्याचा काळ फार थोडा असतो: त्यांनी ‘तुम्हीच हवे’ म्हटल्यापासून पर्चेस ऑर्डर निघेपर्यंत. पीओ निघाला की मॅनेजरची इच्छा असूनही खरेदी विभाग हलत नाही. त्यात नसलेली ओळ अकाउंट्सवाले मंजूर करत नाहीत. या मधल्या दिवसांत एक ईमेल पाठवावा. मजकूर मोठा नको:

‘माझं कामाचं ठाणं नाशिक आहे. ऐरोली कार्यालयात सोमवार ते शुक्रवार हजर राहीन. आठवड्याच्या चार रात्रींचा मुक्काम कंपनी स्वतःच्या नावाने बुक करून थेट पैसे भरेल. प्रतिरात्र कमाल मर्यादा आपण कळवावी. हे शक्य नसल्यास माझा दर प्रतिदिन ११,६५० रुपये राहील, त्यात मुक्काम-प्रवास धरलेला आहे. करार मुदतीआधी संपवल्यास खोलीच्या एका महिन्याच्या नोटिशीचं भाडं कंपनी देईल.’

शेवटची ओळ बहुधा खोडली जाईल. तिच्यावर अडून बसू नये. ती सोडून देताना कराराची नोटीस पंधराऐवजी तीस दिवसांची करून मागावी. कंपनीला ते सोपं जातं आणि तुमच्या पीजीच्या नोटिशीला ते पुरतं. कंपनी खोली देते की दर वाढवते, यांपैकी एक उत्तर लेखी हातात आलं, की मग पीजीचे फोटो बघायला हरकत नाही.